जहाजाच्या पोटात उतरणारा माणूस

ख्राइस्टचर्चच्या हिवाळ्यात शहाणी माणसं गाडी गॅरेजात ठेवतात. शिरीष करमरकरची गाडी मात्र बारा महिने बाहेर. सकाळी काचेवरचं दंव खरवडताना सुमेधा, म्हणजे त्याची बायको, त्या गॅरेजाचा रोज न चुकता उद्धार करायची. गॅरेजात गाडीला जागाच नव्हती. तिथे वायपरच्या मोटारी होत्या, सायकलींच्या चेनी होत्या, शिलाई मशिनची चाकं होती आणि कोणीतरी रस्त्याकडेला टाकून दिलेली एक ट्रेडमिल होती. "लागेल कधीतरी," असं शिरीष म्हणायचा. हे वाक्य सुमेधाला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून पाठ होतं.

शिरीष वूल्स्टनमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होता. चिंचवडला वर्षानुवर्षं हेच काम करून, चाळिशी उलटल्यावर, माणसं व्याह्यांच्या मानपानाची काळजी करू लागतात त्या वयात तो न्यूझीलंडला आला. थक्क होणं हा त्याचा मूळ स्वभाव. पोर्ट हिल्सवरून पहिल्यांदा आल्प्सची बर्फाळ रांग दिसली, तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि देवळात काढाव्यात तशा पायातल्या जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, काढून उभा राहिला. "अहो, पाय गारठतील," सुमेधा म्हणाली. शिरीषला ते ऐकूच गेलं नाही. कारखान्यात नवं यंत्र आलं की बाकीचे त्याचं मॅन्युअल शोधायचे आणि हा आधी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालायचा.

पण या गृहस्थाने आयुष्यभर ज्याचं सगळ्यात जास्त नवल केलं, ते शहर त्याने कधी पाहिलेलंच नव्हतं. ते शहर म्हणजे अमेरिकेतलं, ईरी नावाच्या अफाट तळ्याकाठचं क्लीव्हलंड. तिथे त्याचा दादा होता.

दादा म्हणजे मधुकर, शिरीषपेक्षा बारा वर्षांनी मोठा. पुण्यात त्यांच्या पेठेतल्या गणेश मंडळाचे हलते देखावे हा दादाच करायचा. राक्षसाची मान उडायची, समुद्रातून शेषनाग वर यायचा, आणि चंद्रावर माणूस उतरला त्या वर्षी चांद्रवीर शिडीवरून उतरून गणपतीला नमस्कारही करायचा. लोक लांबून लांबून बघायला यायचे. शिरीष शाळेतून आला की दादाच्या पायाशी बसून पाना दे, तार धर अशी कामं करायचा. उत्सव संपला की देखावा सुटा व्हायचा, आणि तेव्हा दादाची एक पद्धत होती. दोन भाग उघडायच्या आधी सांध्याच्या दोन्ही बाजूंना पंच नावाच्या टोकदार हत्याराने ठिपके मारायचे, इकडे एक तर तिकडे एक, पुढच्या सांध्याला दोन-दोन. पुढच्या वर्षी ठिपक्याला ठिपका जुळवला की काम झालं. "जे पुन्हा जोडायचंय त्यालाच खूण करायची शिऱ्या," दादा सांगायचा. "भंगाराला कोणी खुणा करत नाही."

एकोणीसशे सत्तर साली विसर्जन झाल्यावर दादाने देखावा सुटा केला, आणि एकाही भागाला ठिपका मारला नाही. पंधरा वर्षांचा शिरीष हातात पंच घेऊन शेजारी उभा होता, तो दादाने मागितलाच नाही. महिन्याभरात दादा अमेरिकेला गेला. आई म्हणत राहिली, चार वर्षांत येईल परत. शिरीषला मात्र कळायचं ते कळलं होतं.

दादा क्लीव्हलंडच्या गोदीवर यंत्रांच्या देखभालीला लागला. तीन वर्षांनी लग्नासाठी पुण्याला आला तेव्हा मंडळाच्या कट्ट्यावर मित्रांचा घोळका जमला आणि दादा सांगायला लागला. गोदीवर चार यंत्रं आहेत, म्हणाला. एकेक आपल्या देवळाच्या शिखरापेक्षा उंच. नाकतोडा पाय दुमडून बसतो तशी बसलेली. जहाज लागलं की यंत्र वाकतं, त्याचा एक लांब पाय जहाजाच्या पोटात जातो आणि एका घासात ट्रकभर लोखंडाची माती घेऊन वर येतो. इथवर सगळे मान डोलावत होते. मग दादा म्हणाला, "आणि ते चालवणारा माणूस त्या पायातच बसतो. खाली, पंजाच्या अगदी वर. पायाबरोबर तोही जहाजात उतरतो."

कट्टा हसून हसून लोळला. "मध्या, तिकडे थापांचाही कारखाना आहे का रे?" एकाने विचारलं. दादाचे कान लाल झाले. तेव्हा अठरा वर्षांचा शिरीष उठून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "माझा विश्वास आहे." दादाने त्याच्याकडे असं बघितलं की ते बघणं शिरीष जन्मभर विसरला नाही. त्या दिवसानंतर दादा त्या शहराबद्दल बोलायचा तो फक्त शिरीषशी, आधी पत्रांतून आणि पुढे दर रविवारी फोनवरून.

काय काय ऐकलं शिरीषने! दोनशे वर्षांपूर्वी तिथे नुसती झाडी, दलदल आणि डास. एक मोजणीदार साहेब माणसं घेऊन आला, साखळ्या टाकून जमीन मोजली, मधोमध चौक आखला, गावाला त्याचं नाव मिळालं आणि स्वारी घरी गेली ती पुन्हा कधी फिरकली नाही. हे शिरीषला फार लागायचं. ज्याच्या नावाचं शहर, त्याने ते पाहिलंच नाही! मागे राहिलेली माणसं हिवतापाने कुडकुडत उंचवट्यावर पळाली. एखादं गाव तिथेच संपलं असतं. पण मग हातांनी खणलेला कालवा आला, कालव्यात खेचरांनी ओढलेल्या नावा आल्या. वरच्या तळ्याकाठी लोखंडाची माती सापडली, खालच्या डोंगरांत कोळसा होता, आणि दोघांची गाठ पडायला जागा कुठली, तर याच दलदलीच्या नदीचं तोंड. झालं! भट्ट्या पेटल्या. पोलंडचे आले, हंगेरीचे आले, दक्षिणेतून काळी माणसं आली, प्रत्येकाने आपापलं प्रार्थनास्थळ बांधलं आणि सगळे मिळून पोलाद ओतू लागले. आकाश रात्रीसुद्धा केशरी असायचं, दादा सांगायचा. नदीवर तेलाचा इतका थर साचायचा की ती पेटायची. पाणी पेटायचं! एकदा नाही, कितीतरी वेळा. शेवटची गाजलेली आग दादा पोचण्याच्या आदल्या वर्षीची. मग लोकांना लाज वाटली, कायदे झाले, आणि कित्येक वर्षांनंतर त्याच नदीत दादाने एका म्हाताऱ्याला मासा पकडताना पाहिलं. त्या रविवारी दादा बराच वेळ फक्त त्या माशाबद्दल बोलत होता, आणि शिरीष चिंचवडच्या बाल्कनीत रिसीव्हर कानाला लावून ऐकत उभा होता.

ते शहर जसं चढलं तसं ते उतरलंही. भट्ट्या एकेक करून विझल्या. ब्याण्णव साली दादाची चारही यंत्रं थांबली. दोन हजार साली त्यातली दोन तोडली आणि दोन सुटी करून गोदीवर ठेवली. "खुणा केल्यात का रे त्यांना?" शिरीषने फोनवर विचारलं. "माहीत नाही," दादा म्हणाला आणि फोन ठेवला. दोन हजार पाचमध्ये विमलवहिनी गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर दादा फोनवर फक्त 'हं' म्हणायचा. शिरीष ख्राइस्टचर्चहून हवापाणी सांगायचा, ट्रेडमिल मिळाल्याचं सांगायचा, आणि पलीकडून हं यायचं. असा हुंकार ऐकत किती रविवार काढायचे?

म्हणून दोन हजार सातच्या जूनमध्ये शिरीषने हट्टाने त्याला इकडे बोलावून घेतलं. दादा आला. पण परतीचं तिकीट काढूनच आला, सप्टेंबरात गणपतीनंतर येणाऱ्या मंगळवारचं. शिरीषला तो कायमचा हवा होता. त्या रिकाम्या घरात तो परत गेला तर एक दिवस फोन वाजत राहील आणि उचलायला कोणी नसेल, ही भीती त्याने सुमेधाला बोलून दाखवली होती. सुमेधाने एका शब्दाने हरकत घेतली नाही. "भाऊजींना राहायचं असेल तर राहू देत. पण ते राहतील का, हे त्यांनाच ठरवावं लागेल," एवढंच ती म्हणाली.

दादा खिडकीशी बसून राहायचा. जेव म्हटलं की जेवायचा, चल म्हटलं की चालायचा. शिरीषने त्याला टेकापोचं निळंशार तळं दाखवलं. "छान," दादा म्हणाला. बोगद्यातून पलीकडे लिटल्टनच्या बंदरावर नेलं, तिथे जहाजात कोळसा भरत होते. शिरीषला वाटलं, आता तरी खुलेल. दादाने थोडा वेळ पाहिलं, नाक पुसलं आणि गाडीत जाऊन बसला. गॅरेजात शिरीषने ड्रिल लावलं तरी तो काय चाललंय हे बघायला यायचा नाही. ज्या माणसाला एके काळी ड्रिलचा आवाज आला की जेवण अर्धं टाकून धावायची सवय होती, तो आता टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचा. शिरीषला हे बघवायचं नाही.

आणि मग एके दिवशी कारखान्यातून घरी येताना, सिग्नलला थांबला असताना, त्याला सुचलं. यंदा गणपतीत हलता देखावा करायचा. क्लीव्हलंडचा! दलदलीपासून माशापर्यंत.

मराठी मंडळाची बैठक रिकार्टनला अध्यक्षांच्या घरी होती. अध्यक्ष गुरुदत्त हा सॉफ्टवेअरमधला तरुण, उत्साही, कामाला वाघ. पण शिरीषचा बेत ऐकून त्याचा चहाचा कप हवेतच थांबला.

"काका, रिस्पेक्टफुली विचारतो. गणपती, न्यूझीलंड, ठीक आहे. यात अमेरिका कुठून आली?"

"आमच्या पेठेत गणपतीपुढे चंद्र होता," शिरीष म्हणाला. "तो कुठल्या तालुक्यात येतो?"

"पण लोक रायगड एक्स्पेक्ट करतात. थर्माकोलचा रायगड रेडी आहे, लास्ट इयरचा."

"त्याचा बुरूज मोडलाय. आणि तो हलत नाही. मी तुला सगळं हलवून दाखवतो. जहाज हलेल, नदी पेटेल."

"नदी पेटेल? काका, हॉलमध्ये फायर अलार्म आहे!"

"खोटी आग रे. केशरी कापड आणि खाली पंखा."

गुरुदत्तने सगळ्यांकडे पाहिलं. मग खांदे उडवून तो इकडच्या पोरांच्या भाषेत म्हणाला, "स्वीट ॲज. करा काका. पण अलार्म वाजला तर फायर ब्रिगेडशी तुम्ही बोलायचं."

त्यानंतर शिरीष गॅरेजात राहायलाच गेला म्हटलं तरी चालेल. ट्रेडमिलचा पट्टा हा तळ्याचा पृष्ठभाग झाला, आणि त्यावरून लांबलचक पुठ्ठ्याचं जहाज सरकत यायला लागलं. लोखंडाची माती म्हणून त्याने गेरूत घोळवलेला साबुदाणा घेतला. सुमेधा आषाढी एकादशीला डबा उघडते तो डबा रिकामा. "देवाच्या उपासाचा साबुदाणा देवाच्याच कामाला लागला," शिरीष म्हणाला, आणि तिने हसू दाबत त्याला रिकार्टनच्या दुकानातून दुसरा आणायला पाठवलं. सगळ्यात जास्त मेहनत त्याने त्या नाकतोड्यावर घेतली. इंटरनेटवरचे फोटो लांबून काढलेले होते, त्यांवरून त्याने सांगाडा बेतला. वर एक पेटीसारखी खोली दिसत होती. लिटल्टनच्या क्रेनला असते तशी वर केबिन करून त्याने त्यात पिवळ्या टोपीचा, बोटाएवढा लाकडी माणूस बसवला. ते करताना त्याला एकदाही थांबून विचार करावासा वाटला नाही.

गणपती शनिवारी बसले. सप्टेंबरचा महिना, हॅगली पार्कमध्ये डॅफोडिल्स फुललेली, आणि हॉलमध्ये मात्र हीटर लावूनही पाय गार. मूर्तीच्या उजव्या हाताला भिंतभर पडदा होता. पूजा झाली, आरती झाली. सुमेधाने दादाला पहिल्या रांगेत आणून बसवलं. शिरीषने पडदा सरकवला आणि आवाजाची टेप सुरू केली.

दलदलीत दिवा लागला. छोटी माणसं साखळी ओढत गेली आणि त्यांचा साहेब वळून निघून गेला. खेचराने नाव ओढली. तट्ट्याच्या घरांमागून भट्ट्या उगवल्या. लहान मुलं पुढे घुसली, "लुक, लुक, इट्स मूव्हिंग!" असा एकच गलका झाला. शिरीष त्यातलं काहीच पाहत नव्हता. तो दादाकडे पाहत होता. दादा पुढे झुकला होता. त्याचे ओठ हलत होते.

जहाज लागलं. यंत्र वाकलं. आणि दादा खुर्चीतून उठला.

"थांबव," तो म्हणाला.

शिरीषने बटण बंद केलं. दादा देखाव्यापाशी गेला, चष्मा वर केला आणि वरच्या केबिनमधल्या पिवळ्या टोपीवर बोट ठेवलं. "हा इथे काय करतोय?"

"दादा, तो चालवणारा..."

"चालवणारा पायात बसतो. मी सांगितलं होतं तुला." दादाचा आवाज चढलेला नव्हता, उलट फार हळू होता. "तू म्हणाला होतास, माझा विश्वास आहे. सगळ्यांसमोर."

शिरीषचा चेहरा उतरला. दादा सरळ हॉलच्या दारातून बाहेर गेला. टेपवर शिरीषचाच आवाज पेटत्या नदीचं वर्णन करत राहिला, तो सुमेधाने बंद केला.

खरं होतं दादाचं. त्या दिवशी कट्ट्यावर शिरीष उभा राहिला तो प्रेमाने, खात्रीने नव्हे. तळं समुद्रासारखं आहे हे त्याने मानलं, पाणी पेटतं हे मानलं, पण पायात बसलेला माणूस त्याच्या मनाने गुपचूप वर काढून केबिनमध्ये बसवला होता. इतक्या वर्षांत त्याचं त्यालाही ते कळलं नव्हतं. आता कळलं, तेही दादाच्या समोर. गेला आता दादा, त्याला वाटलं, मंगळवारच्या विमानाचीही वाट न बघता जाईल.

दादा बाहेर गाडीत बसला होता, समोर बघत. शिरीष शेजारच्या सीटवर जाऊन बसला. माफी मागायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच. कारण स्वभाव कुठे जातो? त्याच्या डोक्यात एकच चित्र घुसून बसलं होतं.

"दादा, म्हणजे तो खरंच खाली जातो? जहाजात? मग पाय आत फिरतो तेव्हा त्याचं काय होतं?"

दादाने वळूनही पाहिलं नाही.

"तोही फिरतो," तो म्हणाला. "अख्खा पाय फिरतो. त्याच्यासकट."

"बाप रे! आणि अंधार असतो?"

"वरून उजेड येतो, झाकणाच्या चौकोनातून. खाली लाल धूळ." दादाने बोटाने हवेत चौकोन काढला. "मी बसलोय एकदा. चालवणाऱ्याने बसवलं मला, अंग चोरून उभा होतो त्याच्यामागे. आधी सगळं तळं दिसतं शिऱ्या, शहर दिसतं, धुराडी दिसतात. आणि मग ते सगळं वर निघून जातं. तू खाली चाललायस असं वाटतच नाही, शहर वर चाललंय असं वाटतं. भोवती लोखंडाच्या भिंती. पायाखाली पंजा उघडतो तो पायाला कळतो. मग तो दात रोवतो आणि सगळं अंग हादरतं. मातीच्या डोंगरात आपणच हात घातलाय असं. असं करत करत दिवस मावळायच्या आत जहाज रिकामं! त्याच कामाला पूर्वी माणसं फावडी घेऊन आठवडा आठवडा लागायची." तो शिरीषकडे वळला होता. "मी वर आलो तेव्हा मला रडू येत होतं. का ते माहीत नाही. मला वाटलं, हे माणसाने केलंय. मी ज्या जातीचा प्राणी आहे त्या जातीने. हे कोणाला तरी सांगायचं होतं. म्हणून कट्ट्यावर सांगितलं."

शिरीष तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला होता, आणि तो लपवायचंही त्याला सुचलं नाही. दादाने तो चेहरा पाहिला. थाप वाटलेल्या माणसाचा चेहरा असा होत नाही.

"आत्ता बसला तुझा विश्वास," दादा म्हणाला.

"आत्ता बसला."

"तेहतीस-चौतीस वर्षं घेतलीस, गाढवा." दादाने दार उघडलं. "आणि तुझा पाय तिरका उतरतोय, पाहिलं मी. वर एकच तुळई टाकलीस ना? दोन लागतात, एकावर एक, समांतर. तरच पाय सरळ राहतो. पाना आहे का गाडीत?"

पाना होता. पाना तर शिरीषच्या गाडीत कायमच असायचा.

दुपारभर दोघे भाऊ पाटाएवढ्या जागेत गुडघे टेकून बसले होते. सुमेधाने लाडूंच्या रिकाम्या खोक्याची पट्टी कापून दिली, ती दुसरी तुळई झाली. हॉलचा केअरटेकर, थोराड माओरी गृहस्थ, किल्ल्या घेऊन "किया ओरा" असा नमस्कार करत आला, तो तिथेच उकिडवा बसला आणि शेवटी हॉल बंद करायची वेळ स्वतःच पुढे ढकलून गेला. गुरुदत्तला लोकांना चहा देऊन देऊन वेळ काढावा लागला. दादा एकेक सांगत होता, रागावत होता, "अरे धर नीट, लक्ष कुठंय," असं चक्क ओरडत होता. हे ओरडणं ऐकून स्वयंपाकघरात सुमेधाने डोळ्याला पदर लावला. साडी नेसल्याचा तेवढा तरी उपयोग झाला.

संध्याकाळच्या आरतीनंतर पुन्हा पडदा सरकला. टेप लावायला शिरीष पुढे झाला, तर दादाने माइक आधीच हातात घेतला होता. तो तयार भाषण करत नव्हता. आपल्या गल्लीतलं सांगावं तसं सांगत होता, हिवताप, खेचरं, परत न आलेला साहेब. मुलांसाठी मधेच इंग्रजीत शिरायचा आणि मराठीत परत यायचा. जहाज लागलं तेव्हा तो गप्प झाला.

यंत्र वाकलं. लांब पाय सरळ, ओळंब्यात खाली आला, आणि त्याच्या टोकाशी, पंजाच्या वर, पिवळ्या टोपीचा बोटाएवढा माणूस. लोकांना आत्ता दिसला तो. हॉलमधून एक 'अरे' असा आवाज निघाला. माणूस जहाजाच्या काठापाशी आला आणि काठाखाली गेला. दिसेनासा झाला. एक छोटा मुलगा घाबरून "वेअर डिड ही गो?" असं विचारू लागला. आतून साबुदाण्याची खसखस ऐकू आली. आणि मग पाय वर आला, पंजा लाल मातीने गच्च भरलेला, आणि त्यावर तो माणूस, टोपी थोडी लाल झालेली.

शिरीषने हे यंत्र स्वतःच्या हातांनी केलेलं. त्यातला प्रत्येक खिळा त्याला माहीत होता. तरीही त्याने नकळत पायातल्या चपला काढल्या होत्या.

"त्या माणसाच्या मागे मी एकदा उभा होतो," दादा माइकवर म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही. मग नदी पेटली, विझली, आणि शेवटी टिनच्या पत्र्याचा मासा पाण्यातून उडाला तेव्हा एवढ्या टाळ्या पडल्या की गुरुदत्तने फायर अलार्मकडे घाबरून पाहिलं. दादाला तो देखावा रविवारी दुपारपर्यंत आणखी किती वेळा दाखवावा लागला याची गणती नाही. प्रत्येक वेळी तो माशाबद्दल जरा जास्तच बोलायचा.

रविवारी विसर्जन झालं, हॉलच्या अंगणात, फुलांनी सजवलेल्या मोठ्या टबात. मोरया झाला, पुढच्या वर्षी लवकर या झालं, लोक प्रसाद घेऊन गाड्यांकडे गेले. शिरीष एकटा आत आला. आता देखावा सुटा करायचा होता. मंगळवारच्या विमानाचा विषय दादाने काढलाच नव्हता आणि शिरीषची विचारायची छाती होत नव्हती. दादा बोलला, हसला, ओरडला. पण बोलणारी माणसंही जातात. दलदलीकडच्या बाजूने त्याने स्क्रू काढायला सुरुवात केली.

मागून टक असा आवाज आला. मग पुन्हा, टक टक.

शिरीष वळला. दादा जमिनीवर मांडी घालून बसला होता. वाचायचा चष्मा नाकावर, एका हातात छोटी हातोडी आणि दुसऱ्यात शिरीषच्याच पेटीतला पंच. नाकतोड्याचा पाय त्याने मांडीवर घेतला होता. तुळईच्या बाजूला एक ठिपका, पायाच्या बाजूला एक. पुढच्या सांध्याला दोन-दोन. तो घाई करत नव्हता.

शिरीषला काही दिसेनासं झालं. त्याने बाहीने डोळे पुसले, जवळ जाऊन बसला आणि तरी विचारलंच, "दादा, मंगळवारचं तिकीट..."

"हे सगळं ठेवतोस कुठे?" दादाने मान वर न करता विचारलं.

"गॅरेजात."

"आणि गाडी?"

"बाहेर."

"बरं," दादा म्हणाला. त्याने तिसरा सांधा शिरीषपुढे सरकवला. "धर हा. हलू देऊ नकोस."